पंपाचा पडदा

"काका, किती द्यायचे?"

गेल्या रविवारी शहाद्याहून एक पोरगा अमळनेरला माझ्याकडे आला होता. एसटीने, रिकामी गोणी सोबत घेऊन. त्याच्या आजोबांची फियाट दोन वर्षांपासून गोठ्यात उभी आहे, डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअरपेटीचे दात झडलेत. मी माळ्यावरून क्राउन-पिनियनची, म्हणजे त्यातल्या दोन दातेरी चाकांची जोडी काढून दिली. कोरी, ग्रीस लावलेली, कागदात बांधलेली. पैसे नकोत म्हटलं तर त्याला पटेना. रात्री घरी पोहोचल्यावर त्याने फोन केला, "खरंच काही नाही घ्यायचं? मग देता कशासाठी?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. लांबेल, पण लिहू द्या.

ही जोडी सात वर्षांपूर्वीच दुसऱ्या एकाला जायला हवी होती. साक्रीकडचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या गाडीचा वेग चाळीसच्या पुढे गेला की मागून गुणगुण यायची, मग ती गुणगुण वाढत वाढत खडखड झाली. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी फोन केला, फार अदबीने विचारलं, "आपल्याकडे क्राउन-पिनियन असल्याचं ऐकलं." ती जोडीनेच बदलावी लागते, एक चाक नवं आणि एक जुनं चालत नाही, त्यामुळे मिळायला अवघड. माझ्याकडे होती. मी म्हणालो, नाही हो गुरुजी. मनात एवढंच होतं की उद्या आपलीच गेली तर? चार-पाच महिन्यांनी कळलं की गुरुजींनी गाडी भंगारात घातली. त्यानंतर आजपर्यंत माझ्या गाडीला ती जोडी कधी लागली नाही. सात वर्षं ती माळ्यावर पडून होती आणि मी आकाशकंदील काढायला वर चढलो की दिसायची.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी तिथे फियाटचं जुनं गोल पाठीचं मॉडेल बनायचं, ज्याला आपले लोक 'डुक्कर फियाट' म्हणतात. १९६४ ला ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. आमच्याकडे मात्र कागदावर काही असो, तोंडात फियाटच. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक या गाडीसाठी. पुढे १९८३ च्या शेवटी मारुती आली आणि २००० च्या आसपास पद्मिनी बनणंच थांबलं. म्हणजे आज पाव शतक झालं, या गाडीला मायबाप नाही. १०८९ सीसीचं इंजिन जाणता मिस्त्री झाडाखाली उघडून पुन्हा बसवेल, पण आत घालायला सामान तर पाहिजे. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर सामान फिरतं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली आणि तोही झरा आटला. आता सामान आहे ते फक्त आपल्या माळ्यांवर. एकाकडे दरवाजा, एकाकडे दोन डेल्को (ठिणगी वाटणारे डिस्ट्रिब्युटर), एकाकडे तिकोनी काच. पूर्ण गाडी कुणा एकाकडे नाही. खान्देशातल्या सगळ्या फियाटवाल्यांचे माळे एकत्र केले तर पाच-सहा गाड्या चालत्या राहतील एवढं निघेल, असा माझा अंदाज आहे.

आता बापूंचं सांगतो, कारण मला अक्कल त्यांनी दिली.

दोन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी बहिणीला आणायला संभाजीनगरला गेलो होतो. आखाजीला बहीण माहेरी आली नाही तर आमच्या आईला सण झाल्यासारखाच वाटत नाही. येताना कन्नडच्या घाटात दुपारी एकच्या सुमारास गाडी फुरफुरली आणि बंद पडली. उन्हाळ्यात फियाट बंद पडली की पहिला संशय पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर. तो इंजिनलाच लागून बसवलेला असतो, उन्हाने तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही. औषध सोपं, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि गप बसायचं. मी टाकलं. बहिणीने पाण्याची अर्धी बाटली त्यावर ओतली. अर्ध्या तासाने सेल्फ मारला तर काही नाही. मग वाकून पाहिलं, पंपाच्या खालच्या भोकातून पेट्रोल ठिबकत होतं. पंपाच्या आतला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा फाटला होता. पडदा जुन्या रबराचा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने असलं रबर फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस दगा देतं.

चाळीसगावच्या बापूंना मी तोवर दोनदाच भेटलो होतो. फोन केला. पाऊण तासात ते मोटारसायकलवर आले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, डिकीत पंप. "काय जयं भो?" (काय झालं भाऊ?) एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आधी ऑईलची पट्टी काढून नाकाला लावली. पडदा फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि तसंच गाडी दामटली तर बेअरिंगं जातात, हे मला त्या दिवशी कळलं. वास आला. ते गुमान परत चाळीसगावला गेले, ऑईलचा डबा घेऊन आले. घाटातल्या वळणावर, चाकाला दगड लावून, सत्तरीच्या माणसाने माझं ऑईल बदललं आणि पंप बसवला. जुनं ऑईल डब्यात भरून सोबत नेलं, रस्त्यावर सांडू दिलं नाही.

निघताना मी विचारलं, पंप कुठून मिळाला? तर म्हणाले, "माझ्या गाडीचा काढला. ती कुठं पळून चालली? ताई सणाला येळेवर पोचली पाहिजे." पैसे पुढे केले तर "ऱ्हाऊ दे" म्हणून किक मारली. पुण्याहून नवा पडदा मागवून तो पंप त्यांना परत नेऊन देईपर्यंत अकरा दिवस गेले. तेवढे दिवस त्यांची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. सोबत मी आईच्या हातच्या खापरावरच्या पुरणपोळ्या नेल्या, त्या मात्र त्यांनी लगेच घेतल्या.

त्या रात्री घरी आलो तेव्हा मला गुरुजी आठवले. बापूंकडे जास्तीचा पंप नव्हता, तरी त्यांनी दिला. माझ्याकडे जास्तीची जोडी होती, तरी मी दिली नाही.

आमच्यात हे देणंघेणं बापूंपुरतंच आहे असंही नाही. जळगावच्या एका सोनारभाऊंची स्वतःची फियाट आहे. कार्ब्युरेटरचा पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी, भोक पडून बुडायला लागला की आम्ही सगळे त्यांच्याकडे जातो. त्यावर डाग द्यायचा तर राईएवढाच, जास्त बसला तर फ्लोट जड होतो आणि पेट्रोलची पातळी बिघडते. ते काम सोन्याच्या दागिन्याचा हात असलेल्याचंच. फैजपूरच्या एका केळीवाल्या दादांनी धुळ्याच्या मिस्त्रींसाठी पुढची काच पाठवली होती, गोधडीत गुंडाळून, केळीच्या ट्रकात ड्रायव्हरच्या पाठीमागे. एक ओरखडा नाही आला. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाडीच्या पुन्हा पासिंगची फी ६०० वरून ५००० झाली, तेव्हा आमच्यातला एक जण गाडी विकून टाकायला निघाला होता. हिवाळ्यात यावलकडच्या मळ्यात आमची भरीत पार्टी असते, पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, बांधावर गाड्या ओळीने. तिथेच वर्गणी झाली. त्याचे डोळे भरून आले होते आणि धुराने आलं असं तो सांगत होता.

पण त्याच बांधावर यंदा एक जण मला म्हणाला, "फुकट देऊन तुम्ही लोकांना सवय लावता. दिलं की किंमत राहत नाही." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एकाने आमच्याकडून सामान गोळा करून गाडी उभी केली आणि महिन्याभरात चढ्या भावाने विकून टाकली. मलाही फार लागलं होतं ते. तरी मी त्या एकापायी दार लावणार नाही. दुकानदाराने पैसे घ्यावेत, त्याचं पोट आहे. मिस्त्रीला तर मजुरी मागण्याआधी द्यावी, त्याच्या हातातलं ज्ञान कुठल्या माळ्यावर मिळत नाही. पण आपण दुकानदार नाही. अडलेल्या फियाटवाल्याला पाचपट भाव सांगणारा माणूस माझ्या बाजूला गाडी लावून भरीत खातो, हे मला सहन होत नाही. मी त्याच्या तोंडावर बोललो आणि इथेही लिहितो.

शहाद्याच्या पोरा, तू विचारलंस ना कशासाठी. ती जोडी गुरुजींची होती. माझ्याकडे नुसती राहिलेली होती. तिचे पैसे मी कोणत्या तोंडाने घेऊ?

बसवताना मात्र घाई करू नकोस. दातांना रंग लावून बसणी नीट बघणारा मिस्त्री धुळ्यात आहे, त्यांच्याकडेच जा, मी बोलून ठेवलंय.

आणि बाकीच्यांसाठी, माझ्या माळ्यावर अजून हे आहे. डाव्या बाजूचा मागचा दिवा, हेडलाइटच्या दोन रिंगा (एकीला थोडा गंज आहे), हाताच्या गिअरचे बूश, एक वॉटर पंप जो उघडून बघावा लागेल, आणि कॉन्टॅक्ट पॉईंटचे तीन सेट. ज्याची गाडी खरंच अडली आहे त्याने मेसेज करावा. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.