सर्व फ्रिजसाठी उपयुक्त

नवा फ्रिज घ्या, हा सल्ला जगात फुकट आणि मुबलक मिळतो. तरीही वर्षानुवर्षे इमानाने गारवा पुरवणाऱ्या यंत्राला एका किरकोळ थर्मोस्टॅटपायी भंगारात काढणे मला पटेना, म्हणून मी नवा थर्मोस्टॅट आणला. खोक्यावर ‘सर्व फ्रिजसाठी उपयुक्त’ असे ठसठशीत छापलेले होते. छापणाऱ्याने आमचा फ्रिज पाहिलेला नव्हता.

थर्मोस्टॅटचे काम तसे साधे आहे. त्याच्या बारीक नळीत वायू कोंडलेला असतो; गारठ्याने त्याचा दाब उतरला की आतला विजेचा संपर्क सुटतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. नळी जागेवर गेली, तारा जोडल्या, कॉम्प्रेसर गुरगुरू लागला आणि उरला फक्त बाहेरचा नॉब. जुना नॉब पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या दांड्यासाठी घडवलेला. नवा दांडा बरोबर ६ मिलिमीटरचा. त्या ०.३५ मिलिमीटरच्या पोकळीत माझी अख्खी सुट्टी गडप झाली. नॉब एकापासून सातापर्यंत ऐटीत फिरे आणि आतला दांडा मात्र ढिम्म हलत नसे. अखेर दांड्याभोवती पातळ पत्रा गुंडाळून मी नॉब पक्का केला, पण नव्या दांड्याची सपाट बाजू जुन्याच्या नेमकी उलट असल्यामुळे आता नॉब ‘बंद’वर ठेवला की आमचा फ्रिज सर्वांत जास्त गारठतो. घरच्यांना हे पाठ झाले आहे; पाहुण्यांना समजावताना मात्र तोंडाला फेस येतो.

पाठोपाठ रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू होताना त्याला विजेचा जादा रेटा देऊन मग बाजूला होणारा भाग, गेला. जुन्या रिलेत तारेचे वेटोळे आणि एक वजनदार दट्ट्या असे. सुरुवातीला वीज जोरात खेचली गेली की दट्ट्या वर उचलला जाई आणि कॉम्प्रेसरने वेग धरला की ‘टक्’ करून स्वतःच्या वजनाने खाली पडे. नव्या रिलेत हलणारे काहीच नाही. त्यातली सिरॅमिकची चकती तापते, तिचा रोध वाढतो आणि चालू होण्याची वाट आपोआप बंद होते. पण वीज क्षणभर जाऊन परत आली की ती चकती निवेपर्यंत कॉम्प्रेसर नुसता कण्हत बसतो. “काही मिनिटे त्याला थांबू द्यायचे,” असे मेकॅनिकने मला बजावले. जुन्याला अशी विश्रांती लागत नसे, हे मी बोललो नाही.

दाराच्या रबराबाबत मात्र मी निमूटपणे नव्या काळाच्या बाजूने आहे. खिटीने बंद होणारी जुनी दारे आतून उघडत नसत; आत अडकून मुलांचे जीव जात, म्हणून अमेरिकेत १९५६ साली त्याविरुद्ध कायदाच झाला. तेव्हा खिटी काढून मी चुंबकाचे रबर बसवले. ते वरच्या बाजूला घट्ट चिकटले आणि खाली, बिजागरीजवळ, त्याने तोंड फिरवले. दारात कागदाचा कपटा धरून ओढायचा, तो सहज निसटला की त्या ठिकाणी केस वाळवण्याच्या यंत्राने रबर शेकायचे, हा कार्यक्रम दाराच्या चारही बाजूंनी पार पडला.

हे सर्व पाहून मेकॅनिकला हुरूप आला आणि तो नळ्यांतून फिरून गारवा देणाऱ्या गॅसकडे वळला. आत अजून आर-१२ आहे, म्हणजे १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने टप्प्याटप्प्याने हद्दपार केलेला वायू. त्याच्या जागी आर-१३४ए भरावा, तर तो कॉम्प्रेसरमधल्या जुन्या खनिज तेलात मिसळत नाही. म्हणून तेल बदलायचे, नळ्या धुवायच्या आणि फिल्टर तर बदलायचाच. “त्यापेक्षा कॉम्प्रेसरच नवा टाकू,” मेकॅनिक उत्साहाने म्हणाला, “मग जुना फक्त डबा राहील.”

गॅस गळत नाही तोवर त्या नळ्यांना कोणीही पाना लावायचा नाही, असा हुकूम मी तत्काळ काढला. मेकॅनिकने तो शांतपणे ऐकून घेतला आणि जाताना फ्रिजच्या पाठीवर, न पुसल्या जाणाऱ्या शाईने, आपला फोन नंबर लिहून ठेवला.