नव्याण्णव सेंटची भरपाई

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या एका तुरुंगात २००७ साली एका कैद्याने तक्रार नोंदवण्यासाठी कोरा फॉर्म मागितला. त्याच्या दाव्यानुसार, त्या मागणीनेच चिडलेल्या पहारेकऱ्याने त्याला उचलून काँक्रीटच्या जमिनीवर आपटले आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याने ओढून बाजूला काढेपर्यंत ठोसे, लाथा आणि गुडघ्यांचे प्रहार करत त्याचा गळा आवळला.

त्याने १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला, तर इजा किरकोळ आहे म्हणून खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. वास्तविक १९९२ सालीच, 'हडसन विरुद्ध मॅकमिलियन' खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीखाली खरा प्रश्न बळ शिस्त राखण्यासाठी वापरले की केवळ दुखापत करण्याच्या दुष्ट हेतूने, हा असतो. हाड मोडले नाही, हे त्या माणसाचे नशीब. त्यावरून मारणाऱ्याचा हेतू शुद्ध कसा ठरेल? २०१० साली 'विल्किन्स विरुद्ध गॅडी' या नावाने तेथवर पोहोचलेला हा दावाही त्याच आधारावर पुन्हा जिवंत झाला.

पुढे ज्यूरीने अतिरेकी बळ वापरल्याचे मान्य केले आणि भरपाई दिली नव्याण्णव सेंट. कैद्यांच्या दाव्यांना आळा घालण्यासाठी १९९६ साली केलेल्या कायद्यानुसार प्रतिवादीकडून मिळणारी वकिलाची फी भरपाईच्या रकमेच्या दीडपटीपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेल्या आणि शेवटी जिंकलेल्या खटल्यात फी दीड डॉलरच्याही आत! अपील न्यायालयाने २०१३ मध्ये ही मर्यादा घटनेला धरूनच असल्याचे म्हटले.

निराधार दाव्यांचा न्यायालयांवर भार पडतो, हे मला मान्य आहे. पण ही मर्यादा निराधार दाव्यांना लागतच नाही, ती लागते सिद्ध झालेल्या दाव्यांना. शिवाय याच कायद्याने दाव्यापूर्वी तुरुंगाची अंतर्गत तक्रार प्रक्रिया पूर्ण करणे बंधनकारक केले आहे, आणि ती ज्या फॉर्मने सुरू होते तो द्यायचा की नाही हे बहुधा पहारेकऱ्यांच्याच हाती असते. माझ्या मते अमेरिकी काँग्रेसने फीवरची ही मर्यादा, निदान मारहाण सिद्ध झालेल्या खटल्यांपुरती तरी, रद्द केली पाहिजे. दीड डॉलरच्या आशेवर असा खटला वर्षानुवर्षे लढवायला कोणता वकील उभा राहील?