सुताराचं ग्रीक

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून दादाचा आग्रह वाढलाय. तो नाशिककडे आयटीआयमध्ये शिकवतो. मी इथे, श्टुटगार्टला, नऊ वर्षं आहे. "कविता-इतिहासात पोरांची वर्षं घालवू नका, लवकर हाताला काम शिकवा, जर्मनीसारखं," हे त्याचं म्हणणं.

दादाला दिसतं ते आउसबिल्डुंग, कामाचं शिक्षण. त्या शब्दाच्या पोटात दुसरा शब्द आहे: बिल्डुंग. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द 'घडण', फक्त इथे कुंभार आणि माती एकच. भाषा, कला, विज्ञान यांच्याशी झटत माणसाने स्वतःला घडवायचं. 1809 मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या शाळांची आखणी करताना विल्हेल्म फॉन हुंबोल्टने लिहिलं, की सुताराने ग्रीक शिकणं वाया जात नाही, तसं विद्वानाने टेबल बनवायला शिकणंही. आधी सगळ्यांची घडण, धंदा मागाहून.

प्रत्यक्षात ग्रीक गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, राहिलं आणि सुतार दाराबाहेर. बिल्डुंग ही सुशिक्षित घरांची मिरवायची गोष्ट झाली. आजही इथे चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. माझ्या लेकीच्या वर्गात तुर्की घरातला एक मुलगा होता. तो गोष्ट सांगू लागला की सगळा वर्ग कान देऊन ऐकायचा. त्याला गिम्नाझियमची शिफारस मिळाली नाही, माझ्या लेकीला मिळाली. मी रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसत होते. त्याच्या आईची तेव्हा कामाची पाळी असायची. पुढे वाटा पुन्हा जुळतात, धंद्यातली वरची परीक्षा देऊन माइस्टर झालेल्याला विद्यापीठ खुलं असतं, हे खरं आहे. पण त्या दिवशी त्या पोराचा उतरलेला चेहरा मी पाहिलाय. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती: कर रयतेने भरायचा आणि उच्च शिक्षण वरच्यांनी घ्यायचं.

जर्मनीकडून घ्यायचंच असेल तर हुंबोल्टचं ते वाक्य घ्यावं, दहाव्या वर्षीची चाळणी नको. इकडे येणाऱ्या आपल्या मुलांना यंत्रावरच्या सूचना वाचता येतील एवढंच जर्मन पुरणार नाही. नोकरीचा करार समजायला हवा, अन्याय झाला तर चारचौघांत उभं राहून बोलता यायला हवं.

दादा स्वतः लेथवर काम शिकला तो तुकोबांचे अभंग म्हणत. परवा त्याला म्हटलं, तुझ्या फिटरच्या वर्गाला आठवड्याला एक तास तेच वाचून दाखव.