ढगात कान खोटं बोलतात

आमच्या लातूरच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चौथ्यांदा येऊन पडला. वर निलंग्याच्या हेलिकॉप्टरचा फोटो, खाली मजकूर: "छोटं विमान ढगात पडतं ते यंत्र बिघडल्यामुळेच. मुरलेल्या पायलटला विमान वळतंय की सरळ चाललंय ते अंगानंच कळतं. आता तर जीपीएस, ऑटोपायलट सगळं आहे. आपल्या धावपट्ट्यांवर आयएलएस बसवा, खराब हवेतले अपघात बंद!" (आयएलएस म्हणजे विमानाला धावपट्टीकडं आणणारी रेडिओ यंत्रणा.)

मी विमान कधी चालवलेलं नाही, भौतिकशास्त्र शिकवलं. पण यातलं बरंचसं भौतिकशास्त्रच आहे, म्हणून लिहितो.

आधी फोटो. निलंग्याची घटना 25 मे 2017 ची. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्याउडाल्या खाली आलं आणि तारांत अडकलं. सगळे बचावले. ढगाचा तिथं काही संबंध नव्हता.

"यंत्र बिघडल्यामुळेच" यातला 'च' काढा. यंत्रं बिघडतात, वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ धरला तर वेगाचा काटा चुकीचं दाखवतो. पण 16 जुलै 1999 च्या रात्री धुरकट हवेत समुद्रात पडलेलं जॉन केनेडी ज्युनियर, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव, यांचं विमान घ्या; ते स्वतःच चालवत होते. तपासात इंजिनात किंवा यंत्रांत आधीपासूनचा दोष सापडला नाही. विमान कसं कललंय हेच त्यांना उमगलं नाही, असा निष्कर्ष निघाला. बाहेर काही दिसत नसताना निव्वळ यंत्रांचे काटे बघून उडण्याचं रेटिंग, म्हणजे परवानगी, तीही त्यांच्याकडं नव्हती.

आता "अंगानंच कळतं". मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. अकरावीच्या वर्गात मी एक प्रयोग करायचो. फिरत्या स्टुलावर पोराला बसवायचं, डोळ्यांवर टॉवेल बांधायचा आणि एकाच गतीनं गोल फिरवत राहायचं. सुरुवातीला तो बोटानं बरोबर दिशा दाखवतो. अर्ध्या मिनिटात म्हणतो, "सर, थांबलं." स्टूल फिरतच असतं! मग हळू केलं की छातीठोकपणे सांगतो, आता उलटं फिरतंय. वर्ग हसून लोळायचा. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव सुरुवातीला मागं रेंगाळतो, म्हणून फिरणं जाणवतं. द्रवानं नळीची गती पकडली की जाणीव संपते. वळण अगदी सावकाश सुरू झालं तर ती मुळात होतच नाही.

विमानात याच चुकीनं जीव जातो. ढगात एक पंख हळूहळू खाली जातो, कान गप्प बसतो. कललेल्या पंखांची उचल सगळी वर लागत नाही, म्हणून विमान उंची गमावतं. पायलटला वाटतं, आपण सरळच आहोत, फक्त खाली चाललोय. तो विमानाचं नाक वर करायला स्टिक ओढतो. पंख कललेले असताना ओढलं की वळण आणखी आवळतं, आणि विमान भोवऱ्यासारखं खाली जातं. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या 20 जणांवर हे तपासलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"ते शिकाऊ होते, मुरलेला पायलट वेगळा," असं कुणी म्हणेल. 26 जानेवारी 2020 ला अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि कोसळलं. पायलटकडं हजारो तासांचा अनुभव होता, यंत्रांवर उडण्याचं रेटिंगही होतं. त्यानं नियंत्रकाला सांगितलं, वर चढतोय. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडं वळत खाली येत होतं. अनुभवानं कान बदलत नाही. अनुभवी माणूस फार तर कानाचं ऐकायचं नाही आणि कृत्रिम क्षितिजाच्या, म्हणजे विमान कसं कललंय ते दाखवणाऱ्या, डायलवर विश्वास ठेवायचा, एवढं शिकतो. तेही सराव ठेवला तर.

जीपीएस तुम्ही कुठं आहात ते सांगतो. पंख सरळ आहेत का, हे त्याच्या नकाशावर दिसत नाही. आणि ऑटोपायलट केनेडींच्या विमानातही होता.

राहिलं आयएलएस. चांगलीच सोय आहे, बसवावीच. विमानाला साधारण 3 अंशांच्या उतारानं धावपट्टीकडं आणणारे हे रेडिओचे संकेत. पण पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर साधारण 200 फूट उंचीवर आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर पुन्हा वर जायचं, असा नियम आहे. नांदेडला गोदाकाठी थंडीतलं सकाळचं धुकं त्यानं विरत नाही, की वळवाच्या ढगाखालचा वारा थांबत नाही. शिवाय उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. त्यात तिथला दाब लावताना 10 हेक्टोपास्कलची (हे दाबाचं एकक) चूक झाली तर उंची जवळपास 300 फुटांनी चुकते, म्हणजे त्या 200 फुटांहूनही जास्त.

मेसेजच्या शेवटी आणखी एक ओळ होती: "खरा पायलट उतरवून दाखवतो." छोट्या विमानात मागं बसलेल्या साहेबांची सभा ठरलेली असते, खाली हारतुरे घेऊन माणसं उभी असतात, आणि पुढं बसलेल्याला वाटतं, अजून थोडं खाली जाऊन बघू. लातूरला न उतरता हैदराबादला गेलेल्या पायलटचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.