बहिणीचं नाव ‘इतर हक्कां’त कशाला?

वडिलांचं तेरावं उरकलं की कुणीतरी म्हणतंच, “ताई, वारस लावायचेत, एक सही कर.” वारस नोंदीला बहिणीच्या सहीची गरज नसते. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून एका वारसानं अर्ज केला तरी चालतो. सही मागतात ती बहुतेकदा हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर.

चार एकराचं उदाहरण घ्या. मागे आई, एक मुलगा, दोन मुली. हिंदू वारसा कायद्यानं प्रत्येकाच्या वाट्याला एकेक एकर येतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. वडील त्या तारखेला हयात हवेत का, हा वादही सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात ‘गरज नाही’ म्हणून मिटवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी मात्र उघडत नाही.

तरी सातबारा काढून बघा. कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, भाऊ आणि बहिणी ‘इतर हक्क’ रकान्यात, असे उतारे गावोगाव सापडतील. हा फरक साधा नाही. पीककर्ज, विहिरीचं अनुदान, रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस, सगळं कब्जेदाराचं नाव बघून चालतं. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं माहेरच्या सातबाऱ्यावरचं नावही गेलं, तर पैसे जमवूनसुद्धा तिला गुंठाभर शेत घेता येत नाही. भावाचा मुलगा त्याच जमिनीच्या तारणावर शिकतो आणि भाची फीसाठी सोनं गहाण टाकते. एकाच आजोबाची नातवंडं आहेत ही. पुढं परीक्षेत दोघांना सारखी संधी मिळाली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

“लग्नात खर्च केला की,” हे उत्तर ठरलेलं. लग्नाचा मांडव दरवर्षी पीक देत नाही, जमीन देते. आईवडिलांचं दुखणंखुपणं भावानं काढलं असेल तर त्याचा हिशेब वाटणीत मोकळेपणानं धरावा, पण तो बहिणीसमोर बसून.

आता कामाचं. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) धरला की नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. बहीण पुण्यात, नोटीस गावच्या पत्त्यावर, इथंच घात होतो. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचे चालू फेरफार घरबसल्या दिसतात. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली असेल तर साठ दिवसांत प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील करावं. मुदत गेली तरी घाबरू नये: फेरफार महसुलापुरता असतो, त्यानं मालकी जात नाही. वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो.

नोटरी केलेलं हक्कसोडपत्र किंवा तलाठ्यापुढचा “मला हिस्सा नको” हा जबाब यानं हक्क सुटत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलाच दस्त लागतो. मात्र एकदा तो नोंदला की फिरवायला कोर्टात जावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. म्हणून सुतकाच्या दिवसांत कुठंच सही करू नये. भावाला खरोखर द्यायचं असेल, तर आधी आपलं नाव कब्जेदार सदरी लावून घ्यावं, उतारा हातात घ्यावा, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी बक्षीसपत्र करावं.