बोट लागली

आमच्या सोलापुरात समुद्र नाही. सिद्धेश्वराचं तळं आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, आणि कुठल्याही बाजूला उभं राहिलं तरी पलीकडचा काठ दिसतो. पाण्याला पलीकडचा काठ असावा, एवढीच माझी पाण्याकडून अपेक्षा. पण लग्न वेंगुर्ल्याच्या मुलीशी झालं. पलीकडचा काठ दिसला की तिला ते पाणी वाटतच नाही, डबकं वाटतं.

त्यामुळे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुठं जायचं, हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. अंदमान. 1999 च्या डिसेंबरात लग्नानंतर तिथंच गेलो होतो, 2012 ला मुलीला घेऊन तिथंच, आणि 2024 च्या डिसेंबरात दोघंच पुन्हा तिथंच. मी एकदा चाचरत म्हणालो, "समुद्र तर तुझ्या माहेरी पण आहे की."

"माहेरी समुद्र आहे, पण तो बघायला मिळतो कुठं? गेलं की वहिनीबरोबर मासे साफ करायला बसायचं."

या वेळच्या कार्यक्रमपत्रिकेवर टूरवाल्यानं मोठ्या अक्षरांत 'आयलँड हॉपिंग' छापलं होतं. हॉपिंग म्हणजे उड्या. चित्रात दोन सडपातळ माणसं वाळूवर खरोखरच उडी मारताना दाखवली होती. त्यांच्या आसपास कुठंही बॅग नव्हती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कारण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडी मारते ती बॅग. आपण फक्त तिच्या मागून धावतो. आमच्या निघताना दोन बॅगा होत्या. दुसऱ्या बेटावर तिसरी जन्माला आली, ओल्या कपड्यांची. ती रोज जड होत गेली आणि तिच्यातून वाळू गळत राहिली. शिवाय माझी स्वतंत्र पिशवी होती : ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, हे आमच्याकडं शाळकरी पोराला माहीत असतं. अंदमानच्या हवेला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर भाकरीची रुमालासारखी घडी घालता येत होती. सोलापूरच्या माणसाला ऊन नवीन नाही, पण दमटपणा माणसाचा, आणि भाकरीचा, कणाच मोडतो.

पहिला गोंधळ नावांचा. 2018 ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. आम्ही निघायच्या तीनच महिने आधी पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक आणि नील हे दोघंही 1857 चं बंड मोडणारे इंग्रज अधिकारी, त्यामुळे नावं गेली याचं दुःख नाही. पण तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडात दुसरं, आणि सोलापुरातल्या शेजाऱ्यांना सांगताना तिसरंच. शेजारच्या काकूंनी सगळी नावं मोजून "बाई गं, सहा बेटं एका आठवड्यात!" असं म्हटलं, आणि हिनं ते दुरुस्त केलं नाही.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. तिथं मात्र माझी थट्टा आपोआप बंद पडते. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. सात पाकळ्यांतल्या आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर. त्यांना 1911 साली इथं आणलं, थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच इथं होते. कोठडीच्या दाराशी मराठी माणसांची रांग असते. सगळे चपला बाहेर काढतात आणि आत गेल्यावर कुजबुजत बोलतात. दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायला लावणारा तो कोलू बघितला आणि उद्याच्या एसी बोटीत खिडकीची जागा मिळेल का ही चौकशी मी गुपचूप गिळली.

ती गिळलेली चौकशी दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्यासकट बाहेर आली.

मराठीत एसटी फलाटाला लागते, तशी बोट धक्क्याला लागते. पण तीच बोट माणसालाही लागते. धक्क्याला लागली की प्रवास संपतो; माणसाला लागली की प्रवास संपता संपत नाही. सकाळी जेट्टीवर आधार कार्ड दाखवा, सामान मशीनमधून काढा, चिठ्ठी बांधा, बॅग ढिगात टाका, असे सोपस्कार करून आम्ही एका खासगी बोटीत बसलो. बोट कसली, पाण्यावरचं मल्टिप्लेक्स. काचा बंद, एसी सुरू, समोर पडद्यावर नाचगाणी. जागा पहिल्या रांगेत मिळाली म्हणून मी खूष. बोटीत पुढचं टोक सगळ्यांत जास्त वर-खाली होतं आणि शहाणा माणूस मधोमध बसतो, हे ज्ञान मला पंचविसाव्या मिनिटाला झालं.

त्यामागचं शास्त्र मला पुढं एका डॉक्टर सहप्रवाशानं समजावलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो, "आपण हलतोय." बंद खोलीत बसलेले डोळे सांगत असतात, "छे, समोरची खुर्ची तर जागच्या जागी आहे." दोन खात्यांचे अहवाल जुळेनात की मेंदू गडबडतो, आणि त्याची शिक्षा पोटाला. मी पंचायत समितीत तीस वर्षं नोकरी केली आहे; हे मला लगेच पटलं.

मी आवळासुपारी चघळली. लिंबू हुंगलं. आलेपाक खाल्ला. उलटीची गोळी घेतली, पण ती बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, लाट आल्यावर नाही. मग कागदी पिशव्या वाटणारा मुलगा आला. त्यानं रांगेत एक नजर फिरवली आणि पिशवी थेट माझ्या हातात ठेवली. अनुभवी माणूस. बाजूला वेंगुर्ल्याची मुलगी वेफर्स खात होती. रागावली की ती मालवणीवर येते; दया आली तरी येते. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुमका बोट लागतली, माका म्हायत होता."

"मग आधी का नाही बोललीस?"

"आधी बोलले असते तर तुम्ही आला असता?"

मला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. 1999 ला याच समुद्रातून, याच हॅवलॉकला आम्ही सरकारी बोटीनं गेलो होतो, आणि वेळही जास्त लागला होता. तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. उलट मी गाणी म्हटली होती. 2012 ला खासगी बोटीत त्रास झाला, तो मी चेन्नईच्या विमानतळावरच्या सांबारावर ढकलला होता. आता सांबार नव्हतं. म्हणजे 1999 साली नेमकं काय होतं? पंचवीस वर्षं मी समजत आलो की ते प्रेम होतं. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. पिशवी तोंडाशी धरून बोलण्यासारखा तो विषय नव्हे.

हॅवलॉकवर किनाऱ्यांना नंबर आहेत. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. "सात नंबरला सोडा," असं रिक्षावाल्याला सांगताना मला सोलापूरच्या स्टँडवर उभं असल्यासारखं वाटायचं. सात नंबर म्हणजे राधानगर. 'टाइम' मासिकानं 2004 साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. त्यावर मला काही बोलायचं नाही, किनारा आहेच तसा. फक्त तिथला सूर्य थांबत नाही. अंदमान एवढं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच तो बुडतो. दुपारचं जेवण, वामकुक्षी आणि चहा हा सोलापुरी क्रम पाळून आम्ही पोचलो तेव्हा माणसं सूर्यास्ताचे फोटो घरी पाठवत परत निघाली होती. आणि फोटो जातही होते, ही नवी गंमत. 2012 ला मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ होतं. 2020 ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि आता राधानगरच्या वाळूत बसल्याबसल्या मला ऑफिसातून फोन आला, की चावी कुठं ठेवली आहे.

शिंपल्यांचंही तसंच. अंदमानात किनाऱ्यावरून शिंपले, प्रवाळ उचलून न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅग तपासतात. वेंगुर्ल्याच्या मुलीला शिंपला उचलू नको सांगणं म्हणजे मला हुरडा खाऊ नको सांगण्यासारखं. ती एकेक उचलायची, निरखायची, आणि सासरच्या माणसाला निरोप द्यावा तशी पुन्हा वाळूत ठेवायची.

खरा प्रकार घडला नीलला. नील छोटं, गुणी बेट. भाजीपाल्याची शेती, बंगाली वस्ती, आणि गावांची नावं रामायणातून : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथले लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. ती बघायला ओहोटीत खडकांवरून चालत जावं लागतं. हॉटेलातला मुलगा म्हणाला, "सकाळी दहा-साडेदहाला निघा."

"नको," ही म्हणाली. "आज तिथी काय? दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती. सहा तासांनी सुकती, म्हणजे दीड वाजता. आपण जेवूनच जाऊ."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या कोकणपट्टीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. तिच्या आजीनं शिकवलेला. मी त्याला आव्हान देणं शक्यच नव्हतं. माझ्या आजीनं मला विहिरीत डोकावू नको एवढंच शिकवलं होतं. पण हा हिशेब अरबी समुद्राचा. अंदमानच्या समुद्राला पाऊणकी येत नाही. आम्ही एक वाजता पोचलो तेव्हा सगळी माणसं परत येत होती आणि त्यांच्यामागून पाणीही येत होतं.

"थोडं पुढं जाऊन बघू," ही म्हणाली.

कमान दिसली. लांबून. तोवर माझ्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं, एका हातात चपला, दुसऱ्या हातात भाकरीची पिशवी. पायाखाली शेवाळ. वाटाड्या मुलगा ओरडून हिंदीत सांगत होता, की काका, मागं फिरा. मी मागं फिरलो, पण माझा पाय आधी फिरला. शेंगाचटणी अंदमानच्या समुद्राला अर्पण झाली. ही एका खडकावर उभी राहून चिडून समुद्राकडं बघत होती, जणू त्यानं मुद्दाम आजीचा अपमान केला.

"आणि दशमीला भांग असते," ती हॉटेलवर परतताना पुटपुटली, "पाणी तसंही फार उतरत नाहीच." म्हणजे हिशेब बरोबर आला असता तरी कमान लांबूनच दिसली असती. हे तिनं जेवायच्या आधी सांगितलं असतं तर चटणी वाचली असती.

परतीच्या दिवशी आमच्या खासगी बोटीच्या इंजिनात काही बिघाड निघाला. जेट्टीवर कल्लोळ माजला. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर आम्हांला सरकारी बोटीची तिकिटं मिळाली. बोटीत भोपळ्यांची पोती होती, कोंबड्यांच्या टोपल्या होत्या, आणि एका मराठी ग्रुपमधल्या पंधरा-वीस मावश्या होत्या. आत जागा नव्हती, म्हणून आम्ही वर उघड्या डेकवर बॅगांवरच बसलो.

बोट सुटली. वारा तोंडावर येत होता, समोर क्षितिज सरळ रेषेत. डोळे म्हणाले, हलतोय. कान म्हणाला, हलतोय. दोन्ही अहवाल जुळले. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. मी मऊ पडलेली भाकरी काढली, शेजारच्या भाजीवाल्या काकांनी हिरवी मिरची दिली.

"1999 लाही आपण असंच डेकवर बसलो होतो," ही म्हणाली.

"हं."

"तेव्हा तुम्ही म्हणालेला, तुझ्याबरोबर असलो की मला काही होत नाही."

मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला. ती खांद्यावर डोकं ठेवून झोपली. झोपताना माझ्यावरचा विश्वास म्हणून एक कागदी पिशवी मुठीत घट्ट धरून ठेवली.

श्री विजयपुरमचे दिवे दिसायला लागले, दोर फेकले गेले, आणि खालून एक मावशी टिपेच्या आवाजात ओरडली, "बोट लागली गं, बोट लागली!"

ही दचकून उठली आणि डोळे न उघडताच पिशवी माझ्या तोंडाला लावली.