लुवेनमधनं बेळगाव बघताना

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून एका कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्ग जिल्ह्यात महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरला काळं फासलं, आणि दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. तेव्हा बेळगावातल्या शहापूरच्या माझ्या मावसभावानं विचारलं, "दादा, तुमच्याकडं लोक काय म्हणायलेत? देशाची अब्रू गेली की, असले व्हिडिओ टाकूच नयेत बघ." ते अजून डोक्यातनं जात नाही.

मी बेल्जियममध्ये लुवेनला राहतो. इथं कुणी तो व्हिडिओ बघितलाच नव्हता. पण भाषेचं भांडण काय असतं हे या गावाला सांगायला लागत नाही. डच आणि फ्रेंचमधली सीमा 1962 ला कायद्यानं ठरली, तरी 1968 मध्ये इथल्या युनिव्हर्सिटीतनं फ्रेंचवाल्यांना बाहेर काढा म्हणून एवढं पेटलं की देशाचं सरकार पडलं, पुढं युनिव्हर्सिटीची दोन झाली, लायब्ररीतली कितीतरी पुस्तकं सम-विषम नंबर बघून वाटून घेतली! 2010 च्या निवडणुकीनंतर नवीन सरकार बनायला 541 दिवस लागले. लोक हे लपवत नाहीत, विचारलं की सांगतात, आणि म्हणून बेल्जियमची किंमत माझ्या नजरेत कमी झाली नाही.

भांडण आपल्यातही राहणार. 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून आपल्या मराठी माणसांनी सोसलंय, मराठी शाळा, मराठीत कागदपत्रं मागायचा हक्क मी इथं बसूनही सोडणार नाही, 2004 पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमेचा दावा आहे तो लढायलाच पाहिजे. पण तिकिटं फाडून पोट भरणाऱ्या माणसावर कुणीही हात टाकला तर व्हिडिओ दाबून काय होणार, अब्रू तिथंच बसमध्ये गेली की.

सॉफ्ट पॉवर म्हणतात, म्हणजे संस्कृतीच्या जोरावर जगात मिळणारा मान, योग दिनाच्या ठरावामागं 2014 ला 177 देश उभे राहिले, अभिमान आहेच. पण माझी शेजारीण भारत ओळखते तो माझ्यावरनं आणि वरच्या मजल्यावरच्या हुबळीच्या कन्नड मित्रावरनं. दिवाळीला आम्ही दोघं मिळून कुंदा वाटतो, मी बेळगावचा म्हणतो, तो बेळगावीचा, ती विचारते ही दोन गावं का, मग आम्ही सगळं सांगतो, 1 नोव्हेंबरला त्याच्याकडं राज्योत्सव आणि आमच्याकडं काळा दिवस हेसुद्धा.

बस बंद होत्या तेव्हा आईला कोल्हापूरला डोळे दाखवायला जायचं होतं. बॉर्डरपर्यंत एक बस, उतरून चालत पलीकडं, मग दुसरी. हे मात्र मला शेजारणीला सांगता आलं नाही.